आफ्रिकी डायस्पोराचा अभ्यासक विद्यापीठाच्या प्रशासनात गेला तर

एका तरुण सहकारी प्राध्यापिकेने विचारले आहे. त्यांची पीएच.डी. सिद्दी आणि हबशी, म्हणजे भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या इतिहासावरची. पंधरा वर्षे शिकवून झाल्यावर आता मानव्यविद्या शाखेच्या अधिष्ठातापदासाठी त्यांना विचारणा झाली आहे. प्रश्न असा: आफ्रिकी डायस्पोरा, म्हणजे आफ्रिकेबाहेर विखुरलेला आफ्रिकी वंशाचा समाज, अशा विषयातला माणूस प्रशासनात गेला, तर त्या विषयाचा तिथे काही उपयोग होतो का? आणि संशोधनाचे काय होते?

मी याच विषयातली. मलिक अंबरापासून सुरुवात केली, तिथून हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापाराकडे वळले आणि शेवटी कॅरिबियनपर्यंत पोहोचले. पाच वर्षे अधिष्ठाता होते, नंतर तीन वर्षे प्र-कुलगुरू. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते छोटे आहे. संशोधन कमी होते, आणि खूपच कमी होते. पहिली दोन वर्षे मी एक ओळसुद्धा नवी लिहिली नाही. तिसऱ्या वर्षी बुधवारची सकाळ राखून ठेवली आणि माझ्या स्वीय सहायकांना सांगितले, की आग लागली तरच बोलवा. त्या सकाळींनी मला तारले. पद स्वीकारण्याआधीच कुलगुरूंकडून अशी एक सकाळ लेखी मागून घ्या. रुजू झाल्यावर ती कोणी देत नाही.

आता पहिला प्रश्न. उपयोग होतो आणि फार होतो. कसा होतो ते एका वहीवरून सांगते.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्सला ब्राउन विद्यापीठ आहे. ते 1764 मध्ये कॉलेज म्हणून स्थापन झाले आणि त्याच वर्षी ब्राउन बंधूंचे, म्हणजे ज्यांच्या घराण्याचे नाव पुढे या विद्यापीठाला मिळाले त्यांचे, 'सॅली' नावाचे जहाज गुलाम आणायला आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाले. एसेक हॉपकिन्स हा त्याचा कप्तान. जहाजावरची हिशेबवही आजही आहे. रमचे किती पिंप कोणाला दिले, बदल्यात किती माणसे घेतली, हे सगळे एकाखाली एक लिहिलेले. मग मृत्यूंची नोंद सुरू होते. तिथे नाव नाही, आकडा आहे. एका बाईने जहाजाच्या पोटात गळफास लावून घेतला, तीही एका ओळीत संपते. 28 ऑगस्ट 1765 ला बंड झाले, ते गोळ्या घालून मोडले, आठ मेले. तीही एक नोंद. हॉपकिन्सने घेतलेल्या 196 माणसांपैकी किमान 109 दगावली.

आपल्या विषयातल्या माणसाचे शिक्षण अशाच कागदांवर होते. आपल्याला हव्या असलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले क्वचितच काही हाती लागते. त्यांच्याबद्दल दुसऱ्याने, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेले असते. म्हणून रकाना कोणता, मथळा कोणता, कोणाला नाव आहे आणि कोणाला नुसता आकडा, हे पाहायची नजर आपोआप तयार होते. प्रशासनात गेल्यावर दिवसभर कागदच समोर येतात, आणि ही नजर घरी ठेवून जाता येत नाही.

मला ते अधिष्ठाता झाल्यावर चौथ्या महिन्यात कळले. सफाईच्या कंत्राटाचे देयक सहीला आले होते. 'साहित्य व सेवा' या शीर्षाखाली फिनाइल, झाडू, मग 'मनुष्यबळ – 38' आणि पुढे रक्कम. मी कुलसचिव कार्यालयात विचारले, ही 38 माणसे कोण? यादी नव्हती. यादी ठेकेदाराकडे होती, आणि त्याने पाठवलेल्या यादीत 31 नावे निघाली. मजुरी 38 जणांची निघत होती, काम 31 जण करत होते आणि त्यातल्या काहींच्या हाती ठरल्याच्या निम्मीच रक्कम पडत होती. स्पष्ट सांगते, ही गुलामगिरी नाही, आणि तशी तुलना करणे दोन्ही बाजूंच्या माणसांचा अपमान आहे. पण 'मनुष्यबळ – 38' या ओळीवर माझी नजर थांबली, त्यामागे 'सॅली'च्या वहीवर घालवलेली वर्षे होती. पुढच्या कंत्राटात नावांची यादी, बँक खाते आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक जोडल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही, अशी अट घातली. त्या अटीसाठी सात महिने भांडावे लागले. माझ्या सगळ्या कारकिर्दीत ते काम मला सर्वांत मोलाचे वाटते.

ब्राउनची पुढची गोष्टही प्रशासकाने नीट समजून घ्यायला हवी. 2001 मध्ये रूथ सिमन्स तिथे अध्यक्ष झाल्या. आयव्ही लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या, विद्यापीठाचे अध्यक्षपद मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकी अमेरिकी व्यक्ती. टेक्सासमधल्या वाटेकरी शेतकऱ्याच्या बारा मुलांतल्या धाकट्या. त्या इतिहासकार नाहीत, साहित्याच्या अभ्यासक आहेत. पण 2003 मध्ये त्यांनी जे केले ते इतिहासकाराला साजेसे होते. विद्यापीठाचा गुलामगिरीशी काय संबंध होता हे शोधायला एक समिती नेमली आणि जेम्स कॅम्पबेल या इतिहासकाराला तिचे प्रमुखपद दिले. निष्कर्ष आधी ठरवला नाही. बाहेर लगेच ओरड झाली की आता नुकसानभरपाईचे पैसे वाटणार. सिमन्स ठाम राहिल्या, समितीला तीन वर्षे दिली आणि 2006 मध्ये अहवाल जसा आला तसा प्रसिद्ध केला. त्यातून पुढे अभ्यासकेंद्र झाले, आवारात स्मारक उभे राहिले. प्रॉव्हिडन्सच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी एक कोटी डॉलरचा निधी जाहीर झाला, तो मात्र पुरा उभा राहायला 2020 उजाडले. अहवाल तीन वर्षांत होतो आणि पैशाला चौदा वर्षे लागतात, हे प्रमाण लक्षात असू द्या. तुमचे काम अहवालापाशी संपत नाही, दर वर्षी अंदाजपत्रकात ती ओळ टिकवणे हेच खरे काम.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात याच्या उलट धडा मिळतो. ते चालवणाऱ्या मेरीलँडच्या जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंनी, 1838 मध्ये 272 पुरुष, बायका आणि मुले लुइझियानात विकली. 1,15,000 डॉलरला. त्यातला काही पैसा कॉलेजचे कर्ज फेडण्यात गेला. विक्रीच्या कागदावर पहिले नाव आयझॅकचे आहे. आज तिथल्या एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स हॉल म्हणतात. आधी ती विक्री घडवून आणणाऱ्या अध्यक्षाच्या नावाने ओळखली जायची. यादीतले पहिले नाव उचलून दारावर लावणे हा माझ्या मते फार सुंदर निर्णय होता. पण विद्यापीठाने अभ्यासगट नेमला तेव्हा त्या 272 जणांच्या वंशजांना त्यात घेतले नव्हते, आणि वंशजांनी तसे उघड बोलून दाखवले. आपण ज्यांचा इतिहास लिहितो त्यांची माणसे हयात आहेत, कधी शेजारच्याच तालुक्यात आहेत, हे संशोधक म्हणून विसरले तरी फारतर एक लेख कच्चा राहतो. प्रशासक म्हणून विसरलात तर चांगला निर्णयसुद्धा वरून टाकलेला वाटतो. तुमच्या शाखेने उद्या सिद्दींवर प्रकल्प घेतला, तर मुरुडची किंवा यल्लापूरची माणसे पहिल्या बैठकीलाच हवीत, उद्घाटनाच्या दिवशी नृत्यासाठी नव्हे.

या विषयातला इतिहासकार स्वतः सर्वोच्च पदावर बसल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सर हिलरी बेकल्स. बार्बाडोसचे, गुलामगिरीचे आणि क्रिकेटचेही इतिहासकार. 2002 मध्ये ते वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या बार्बाडोसमधल्या केव्ह हिल आवाराचे प्राचार्य झाले आणि 2015 मध्ये सगळ्या विद्यापीठाचे कुलगुरू. कॅरिबियन देशांनी नुकसानभरपाईसाठी 2013 मध्ये जो आयोग नेमला त्याचेही अध्यक्ष. या विद्यापीठाचे जमैकातले मोना आवार मी पाहिले आहे. ते उसाच्या जुन्या मळ्यांवरच उभे आहे. साखर कारखान्याला पाणी नेणारा दगडी पाट आवाराच्या मधून जातो. गवतावर मुले अभ्यास करत बसलेली असतात आणि मागे त्या कमानी. 1948 मध्ये इथे 33 विद्यार्थ्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले ते युद्धकाळातल्या जिब्राल्टरच्या निर्वासितांसाठी बांधलेल्या लाकडी बराकींत. आवारातले चॅपल म्हणजे दूरच्या हॅम्पडन मळ्यावरची 1799 ची इमारत, दगडावर दगड मोजून उतरवून इथे परत बांधलेली. फ्रँक वॉरेल याच आवारात एका वसतिगृहाचे वॉर्डन होते. बार्बाडोसचा, वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघाचा पूर्ण वेळ नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. ज्या जमिनीवर माणसांची शिरगणती गुरांबरोबर व्हायची तिथे त्यांच्या पणतवंडांचे हजेरीपट असणे, हे पाहून मी बराच वेळ पाटाच्या कडेला बसून राहिले.

बेकल्स यांच्याकडून शिकायचे ते वाटाघाटीचे. ग्लासगो विद्यापीठाने स्वतःच्या देणग्यांचा शोध घेतला आणि 2018 मध्ये अहवाल दिला. गुलामगिरीतून आलेल्या पैशाचा विद्यापीठाला झालेला लाभ आजच्या किमतीत 1 कोटी 67 लाख ते 19 कोटी 80 लाख पौंड. या दोन आकड्यांमधले अंतर पाहा. मोजण्याची पद्धत बदलली की रक्कम बारापट होते, आणि त्यांनी ते लपवले नाही, दोन्ही आकडे छापले. पुढच्याच वर्षी ग्लासगो आणि वेस्ट इंडीज विद्यापीठात करार झाला, वीस वर्षांत दोन कोटी पौंड, संयुक्त संशोधनासाठी. टेबलाच्या कॅरिबियन बाजूला कुलगुरू म्हणून जो माणूस बसला होता त्याने साखर मळ्यांचे हिशेब आयुष्यभर वाचले होते. वित्त अधिकाऱ्याने दिलेला आकडा त्याला निमूट मान्य करावा लागला नसणार. आपल्याकडे इतिहासाच्या प्राध्यापकाला अंदाजपत्रक कळत नाही असे गृहीत धरतात. उसाच्या मळ्याचा ताळेबंद ज्याला वाचता येतो त्याला विद्यापीठाचाही येतो. सहा महिने लागतील, पण वित्त समितीची सगळी परिशिष्टे स्वतः वाचा.

दुसरे नाव बेन विन्सन यांचे. वसाहतकाळातल्या मेक्सिकोतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यांचा अभ्यास. अधिष्ठाता, मग प्रोव्होस्ट म्हणजे शैक्षणिक कारभाराचे प्रमुख, आणि 2023 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष. दोन वर्षांत त्यांनी ते पद सोडले. ही पदे किती अल्पायुषी असतात हेही त्यातून दिसते. त्यांच्या संशोधनात 'कास्टा' हा शब्द केंद्रस्थानी आहे. मेक्सिकोत माणसाच्या आईबापांवरून त्याला पार्दो, मोरेनो, मोरिस्को, लोबो अशी खूण चिकटायची आणि चर्चच्या वह्या त्यानुसार वेगळ्या असायच्या. पण माणसे त्या खुणांत गपगुमान राहिली नाहीत. आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र लोकांनी लष्करी तुकड्यांत भरती होऊन कर माफ करून घेतला, एकाच माणसाची खूण एका वहीत एक आणि दुसरीत दुसरी निघते. हाच 'कास्टा' शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात आणि मलबारात आपल्या जातींना लावला आणि तो इंग्रजीत गेला. म्हणून बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षित प्रवर्गाची ते ठरवणारी यादी, समोर आली की आपल्या विषयाच्या माणसाला ती नुसती कारकुनी वाटत नाही. प्रत्येक बिंदूमागे पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलेले कोणीतरी आहे, आणि अनुशेष 'पात्र उमेदवार मिळाला नाही' या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे कसा पुढे ढकलला जातो हे त्याला दिसते. मी त्या शेऱ्यांची दहा वर्षांची फाइल मागवली होती. शेऱ्यातले वाक्य एकदाही बदललेले नव्हते, अल्पविरामासकट. पुढच्या जाहिरातीपासून निवड समितीने प्रत्येक नकाराचे कारण उमेदवारागणिक लिहायचे, असे विद्या परिषदेत मांडले आणि ते मंजूर झाले.

तुम्ही म्हणाल, ही सगळी अमेरिकेची आणि कॅरिबियनची उदाहरणे, आपल्या विद्यापीठांचा याच्याशी संबंध काय? मुंबई विद्यापीठाचेच घ्या. राजाबाई मनोरा आणि त्याखालचे ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झाले. देणगी 1864 ची. तो काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, आणि त्या तेजीतून प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांची संपत्ती फुगली. युद्ध संपले आणि 1865 मध्ये बाजार कोसळला, पण विद्यापीठाचे पैसे तोवर आले होते. यात प्रेमचंदांना दोष देण्यासारखे काही नाही. पण त्या मनोऱ्याचा पाया मिसिसिपीच्या शेतांपर्यंत जातो, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही.

त्याच काळात मुंबईचे गव्हर्नर, म्हणजे पदसिद्ध कुलपती, होते सर बार्टल फ्रीअर. 1868 मध्ये कुलगुरू झाले ते मिशनरी डॉ. जॉन विल्सन. आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली की सुटका झालेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात. काही विल्सनांच्या शाळेत गेली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याच्याबरोबर राहिलेला चुमाही याच शाळेत होता, त्याची सुटका मात्र आफ्रिकेतच झाली होती. सुटका झालेल्यांतली काही मुले नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये गेली, सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकली. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण ही शरण कोणाला मिळाली होती ते किती जणांना ठाऊक आहे? जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर झाडावर अक्षरे कोरणारा आणि शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांबरोबर चाललेला. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत ज्यांनी शवपेटीला खांदा दिला त्यांत नाशिकचा हा मुलगा होता. पुढे शरणपूरची बरीच माणसे मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला गेली, शिक्षक आणि धर्मोपदेशक झाली. नाशिकला आज विद्यापीठेही आहेत. एकात तरी शरणपूरचे दालन असावे, असे मला मनापासून वाटते.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. तुमचा विषय कळला की 'विविधता', 'समावेशन', 'परदेशी विद्यार्थी' असे लिहिलेली प्रत्येक फाइल तुमच्याकडे येईल, आणि वित्त, बांधकाम, नेमणुका दुसऱ्यांकडे जातील. समारंभात बोलायला तुम्हाला बोलावतील. पैसा आणि नेमणुका जिथे ठरतात त्या समित्यांवर जागा मिळणार नसेल तर पद घेऊ नका. मी पहिल्या वर्षी अकरा उद्घाटने केली आणि एकाही खरेदी समितीवर नव्हते. ते वर्ष वाया गेले असे मी मानते.

परदेशी विद्यार्थ्यांचे काम मात्र स्वतःहून मागून घ्या. पुण्यात, मुंबईत आफ्रिकी मुले शिकायला येतात, ही परंपरा स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने शिष्यवृत्त्या सुरू केल्यापासूनची. त्यांचा पहिला सामना घरमालकाशी होतो. एका सुदानी मुलाला बावीस ठिकाणी नकार मिळाला होता. फोनवर घर रिकामे असायचे आणि दारात गेले की भरलेले. त्याने त्या बावीस पत्त्यांची वही ठेवली होती, तारीख-वार. ती वही मी व्यवस्थापन परिषदेपुढे वाचून दाखवली, पहिल्या पत्त्यापासून शेवटच्यापर्यंत. सभागृहात कोणी मध्ये बोलले नाही. त्या बैठकीत वसतिगृहातल्या 40 खोल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायचा ठराव झाला. हबशांनी नगरची निजामशाही चालवली, मलिक अंबराने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवून तिला नहरीचे पाणी दिले, हे मी त्या दिवशी एकदाही म्हटले नाही. त्या वहीला प्रस्तावनेची गरज नव्हती.

पद घेतलेत तर पहिल्या आठवड्यात अभिलेख कक्षाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. आमच्याकडे ती सापडली नाही, कुलूप तोडावे लागले. आत 1950 च्या दशकातली वसतिगृहाची प्रवेशपुस्तके होती, निम्मी वाळवीने खाल्लेली. उरलेली स्कॅन करून घेतली. त्यांत प्रत्येक मुलापुढे गाव, तालुका, जिल्हा असे तीन रकाने आहेत, आणि ते काळजीने भरलेले आहेत. मधूनच एखाद्या नावापुढे तिन्ही रकान्यांवरून एक लांब आडवी रेघ आणि वर एकच शब्द, 'आफ्रिका'. अशी 17 नावे निघाली. त्यांतल्या सहा जणांची गावे आम्हाला आतापर्यंत लावता आली आहेत. बाकीच्या अकरा जणांचे काम मी बुधवारी सकाळी करते.